कटरहेडची निवड : नव्या धारेचा निकष आणि बोथट धारेचे वास्तव

प्रास्ताविक

लाकडाला सपाटी व सारखी जाडी देण्याचे काम हातरंध्याकडून यंत्राकडे जाऊ लागले, त्याला आता दोन शतकांहून अधिक काळ लोटला आहे. जॉइंटर आणि प्लेनर ही या कामाची दोन प्रमुख यंत्रे होत. जॉइंटरवर कारागीर फळी हाताने पुढे सरकवतो व तिचा एक पृष्ठभाग आणि एक कड सरळ करून घेतो. प्लेनरमध्ये फळी रुळांनी आत ओढली जाते व ठरावीक जाडीची होऊन बाहेर पडते. दोन्ही यंत्रांचे मर्म मात्र एकच आहे. मिनिटाला काही हजार फेरे घेणारा, अंगावर पाती वागवणारा पोलादी दंडगोल म्हणजेच कटरहेड. काही ठिकाणी त्याला कटर ब्लॉक असेही म्हटले जाते.

कटरहेड कोणते निवडावे, याविषयीचे साहित्य आज विपुल आहे. उत्पादकांची माहितीपत्रके, यंत्रासोबतच्या पुस्तिका, छांदिष्ट सुतारांसाठीची नियतकालिके यांत या प्रश्नाची चर्चा सतत होत असते. या चर्चेचे एक वैशिष्ट्य सहज ध्यानात येते. तिच्यातील तुलना बहुधा नव्या धारेची नव्या धारेशी असते. नुकतेच बसवलेले कटरहेड, निवडक फळी, बेताचा छेद आणि त्यातून निघालेला गुळगुळीत पृष्ठभाग यांच्या आधारे श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवले जाते. वास्तविक नव्या धारेवर जवळजवळ प्रत्येक कटरहेड समाधानकारक काम देते. कार्यशाळेतील बहुतेक दिवस मात्र नव्या धारेचे नसतात. धार उतरत चाललेली असते, काम घाईचे असते, पाते बदलणे उद्यावर ढकललेले असते. कटरहेडची खरी परीक्षा अशा दिवशी होते. म्हणून निवडीचा निकष कटरहेडच्या उत्तम क्षणात न शोधता त्याच्या वाईट क्षणात शोधावा, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या दृष्टीने इतिहास, पृष्ठभागाचे गणित, आवाज आणि देखभाल या अंगांनी प्रचलित दाव्यांची चिकित्सा पुढे केली आहे.

चौकोनी ठोकळ्यापासून गोल दंडगोलापर्यंत

फिरत्या पात्यांनी लाकूड रंधण्याची कल्पना अठराव्या शतकाच्या अखेरची आहे. उपयुक्ततावादी तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांचे बंधू सॅम्युएल बेंथम यांच्या १७९३ च्या इंग्लिश पेटंटात ती आढळते. १८०२ मध्ये जोसेफ ब्रामा यांनी रंधायंत्राचे पेटंट घेतले व त्यांचे यंत्र वूलिच येथील शस्त्रागारात वापरले गेले. अमेरिकेत विल्यम वुडवर्थ यांनी १८२८ मध्ये पेटंट मिळवले. फिरते कटर आणि लाकूड दाबून पुढे नेणारे रूळ यांचा संयोग हे त्याचे वैशिष्ट्य होते. मुदतवाढी मिळत गेल्याने हे पेटंट १८५६ पर्यंत टिकले आणि त्यावरून दीर्घकाळ न्यायालयीन वाद चालले. एका यंत्रभागाभोवती किती आर्थिक हितसंबंध गुंतू शकतात, याचे हे बोलके उदाहरण होय.

एकोणिसाव्या शतकातील कटरहेड बहुधा चौकोनी असे. पोलादी किंवा लोखंडी ठोकळ्याच्या सपाट बाजूंवर बोल्टने पाती आवळली की काम भागे. घडवायला सोपी, पाती बदलायला सोयीची अशी ही रचना होती. लाकूड ती उत्तम कापीत असे. तिचा दोष छेदात नव्हता. शंभर मिलिमीटर बाजूचा चौकोनी ठोकळा घेतला, तर त्याच्या केंद्रापासून सपाट बाजू ५० मि.मी. अंतरावर आणि कोपरा सुमारे ७१ मि.मी. अंतरावर येतो. म्हणजे ठोकळा फिरू लागला की प्रत्येक फेऱ्यात चार वेळा टेबलाच्या फटीत सुमारे दोन सेंटिमीटर खोल पोकळी निर्माण होते. फळी निसटून हात त्या फटीवर पडला, तर बोट या पोकळीत जाऊन पुढच्या कोपऱ्याबरोबर आत ओढले जाते. इजा केवळ कापण्याची राहत नाही, अवयव गमावण्याची होते.

गोल कटरहेडने ही पोकळी भरून काढली. दंडगोलाच्या अंगात पाते बसवून त्याची धार जेमतेम मिलिमीटरभर बाहेर ठेवली, की निसटलेल्या हाताला जखम होते, पण हात आत ओढला जाण्याचा धोका पुष्कळ घटतो. ब्रिटनमध्ये १९२२ च्या लाकूडकाम यंत्रांविषयीच्या नियमांनी हाताने लाकूड सरकवण्याच्या रंधायंत्रावर दंडगोलाकार कटर ब्लॉक बंधनकारक केला. भारतात कारखाने अधिनियम, १९४८ अन्वये राज्यांनी केलेल्या नियमांत लाकूडकाम यंत्रांची जी अनुसूची होती, तिच्यातही हीच अट आली. तिच्या जोडीला टेबलावरील फट पूर्ण झाकू शकेल व सहज खाली-वर, मागे-पुढे करता येईल अशा पुलासारख्या संरक्षक आवरणाची अटही होती. युरोपीय सुरक्षा-मानकांनी पुढे एक पाऊल टाकून हाताने चालवायच्या यंत्रात पात्याचे बाहेर येणे १.१ मि.मी.पर्यंत मर्यादित केले.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. चौकोनी कटरहेड हद्दपार झाले ते वाईट कापीत होते म्हणून नव्हे. हात निसटल्यावर काय होते, या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नव्हते. कटरहेडच्या आजवरच्या प्रवासातील या निर्णायक बदलाचा निकष वाईट क्षणाचा होता. आजच्या चर्चेतून हाच निकष गळाला आहे.

आजचे प्रमुख प्रकार

आज उपलब्ध असलेल्या कटरहेडांचे स्थूलमानाने चार गट पडतात. पहिला गट सरळ पात्यांचा. दंडगोलाच्या लांबीइतकी दोन, तीन किंवा चार पोलादी पाती पाचरीने व बोल्टने आवळलेली असतात. ती काढून धार लावता येते व पुन्हा बसवता येते. दुसरा गट झटपट बदलता येणाऱ्या पात्यांचा. 'टर्सा' ही युरोपीय पद्धत याचे परिचित उदाहरण आहे. तिच्यात दोन्ही कडांना धार असलेले अरुंद पाते खाचेत सरकवले जाते व फिरताना निर्माण होणाऱ्या केंद्रोत्सारी बलाने पाचर घट्ट होते. पाते पुन्हा धारेला न लावता टाकून दिले जाते.

तिसऱ्या आणि चौथ्या गटात अखंड पाते नसते. टंगस्टन कार्बाइडच्या लहान चौकोनी टिकल्या दंडगोलावर नागमोडी रांगांत स्क्रूने बसवलेल्या असतात. टिकलीला चार धारा असतात. एक बोथट झाली की टिकली पाव फेरा फिरवून दुसरी धार पुढे आणता येते. तिसऱ्या गटात रांगा नागमोडी असल्या तरी प्रत्येक टिकलीची धार दंडगोलाच्या अक्षाला समांतरच असते. चौथ्या गटात टिकलीही अक्षाशी तिरकी बसवलेली असते, त्यामुळे धार लाकडावर थेट न आदळता तिरकी शिरते. विक्री-साहित्यात या दोन गटांची नावे सर्रास एकमेकांऐवजी वापरली जातात. खरेदीदाराने नावावर विसंबून न राहता टिकलीच्या धारेची दिशा प्रत्यक्ष पाहणे इष्ट होय. रांगांचा नागमोडीपणा आवाजावर परिणाम करतो, तर टिकलीचा तिरकेपणा छेदावर करतो. हे दोन स्वतंत्र गुण आहेत.

गुळगुळीतपणाचे गणित

फिरत्या पात्याने रंधलेला पृष्ठभाग कधीच पूर्ण सपाट नसतो. प्रत्येक पाते एक उथळ चाप कोरते आणि पृष्ठभागावर बारीक लाटांची मालिका उमटते. लाटेची लांबी लाकूड पुढे सरकण्याच्या वेगावर, फेऱ्यांच्या संख्येवर आणि पात्यांच्या संख्येवर अवलंबून असते. फळी मिनिटाला ८ मीटर सरकते, कटरहेड ५००० फेरे घेते व त्यावर तीन पाती आहेत असे मानले, तर मिनिटाला १५००० छेद होतात व लाट सुमारे ०.५३ मि.मी. लांबीची येते. लाटेची खोली काढायची तर लांबीच्या वर्गाला कापणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाच्या चौपटीने भागावे लागते. व्यास ७० मि.मी. असेल, तर ही खोली मिलिमीटरचा केवळ एक सहस्रांश भरते. इतकी सूक्ष्म लाट पॉलिशपूर्वीच्या किरकोळ घासकामात सहज निघून जाते.

या हिशोबात मात्र एक गृहीत दडलेले आहे. तिन्ही पाती एकाच वर्तुळात फिरत आहेत, असे त्यात मानलेले असते. एक पाते इतर दोहोंपेक्षा किंचित पुढे असेल, तर अखेरची खूण त्याचीच उमटते. अशा वेळी लाट १.६ मि.मी. लांब आणि सुमारे ९ सहस्रांश मि.मी. खोल होते, म्हणजे खोली नऊपट वाढते. वरील मापांच्या यंत्रात एक शतांश मिलिमीटर मागे राहिलेले पाते पृष्ठभागावर स्वतःची खूण उमटवू शकत नाही. ते लाकूड काढण्याच्या कामात वाटा उचलते, परंतु अंतिम पृष्ठभागाच्या दृष्टीने असून नसल्यासारखे ठरते.

पाती बसवण्याच्या प्रचलित पद्धतीत इतकी अचूकता साधते का, हे पाहणे उद्बोधक आहे. अनेक कारागीर बाहेरच्या टेबलावर सरळ लाकडी पट्टी ठेवतात व यंत्राची वीज तोडून कटरहेड हाताने फिरवतात. पाते पट्टीला किती पुढे ओढते, ते खुणेने मोजतात. ७० मि.मी. व्यासाच्या कटरहेडवर पट्टी ३ मि.मी. सरकली, तर पाते टेबलापेक्षा सुमारे ०.०३ मि.मी. उंच आहे. ती ४ मि.मी. सरकली, तर उंची जवळजवळ ०.०६ मि.मी. भरते. म्हणजे पट्टीवरील एका मिलिमीटरची तफावत पात्यांत अडीच शतांशांचा फरक दाखवते. 'जवळपास सारखे आहे' असे म्हणून सोडून दिलेला हा फरक तीन पात्यांच्या कटरहेडला व्यवहारात एका पात्याचे करून टाकतो. पद्धत वाईट नाही. ती चिकाटीने वापरावी लागते, आणि चिकाटी घाईच्या दिवशी दुर्मीळ असते.

टिकल्यांच्या कटरहेडची बाजू येथे वरचढ असल्याचे सांगितले जाते. तिचीही तपासणी व्हावयास हवी. दंडगोलावर सहा रांगा दिसल्या म्हणजे लाकडाच्या प्रत्येक रेषेवर सहा छेद पडतात असे नाही. समजा, ३०० मि.मी. लांबीच्या कटरहेडवर ६० टिकल्या आहेत व प्रत्येकीची कापणारी रुंदी १४ मि.मी. आहे. साठ टिकल्यांची एकत्र रुंदी ८४० मि.मी. झाली. तिला ३०० ने भागता प्रत्येक रेषेवर सरासरी २.८ छेद येतात. पूर्वीच्याच वेगाला लाटेची लांबी सुमारे ०.५७ मि.मी. निघते. नीट बसवलेल्या तीन सरळ पात्यांच्या ०.५३ मि.मी.पेक्षा ती सरस नाही, किंचित अधिकच आहे. तेव्हा छेदांच्या संख्येवर आधारलेला श्रेष्ठत्वाचा दावा टिकत नाही.

टिकल्यांचा लाभ अन्यत्र आहे. टिकलीची उंची कारागिराला जुळवावी लागत नाही. ती दंडगोलात कोरलेल्या बैठकीवरून ठरते. बैठका अचूक कोरलेल्या असतील आणि टिकली बसवताना तिच्याखाली भुशाचा कण राहिला नसेल, तर बदललेली धार पूर्वीच्याच उंचीवर येते. याचा अर्थ अचूकतेची जबाबदारी वापरणाऱ्याच्या हातातून घडवणाऱ्याच्या कारखान्यात गेली. घडवणाऱ्याने ती नीट पार पाडली नाही, तर वापरणाऱ्यापाशी दुरुस्तीचा मार्ग उरत नाही. स्वस्त कटरहेडच्या बैठकांत तफावत असेल, तर फळीवर लांबीच्या दिशेने बारीक पट्टे उमटत राहतात आणि कितीही कौशल्याने ते टळत नाहीत.

ब्रिटिश लेखक व फर्निचरचे अध्यापक डेव्हिड पाय यांनी 'द नेचर अँड आर्ट ऑफ वर्कमनशिप' या १९६८ च्या ग्रंथात जोखमीची कारागिरी आणि निश्चितीची कारागिरी असा भेद केला आहे. पहिलीत फळ प्रत्येक क्षणी हाताच्या सावधपणावर अवलंबून राहते, दुसरीत ते आधीच ठरून गेलेले असते. सरळ पात्यांचे कटरहेड निश्चितीच्या यंत्रात जोखमीचा एक कोपरा शिल्लक ठेवते, तो पाती बसवण्याचा. टिकल्यांचे कटरहेड तो कोपराही मिटवते. हा लाभ की हानी, याचे उत्तर तो कोपरा कोण सांभाळणार यावर अवलंबून आहे.

लाकडाची रेषा आणि धारेचा कोन

पृष्ठभाग लाटांपेक्षा अधिक बिघडतो तो तंतू उचकटल्याने. मिशिगन विद्यापीठाने १९५८ मध्ये प्रकाशित केलेल्या नॉर्मन फ्रांझ यांच्या अभ्यासात लाकडाच्या छेदातून निघणाऱ्या ढलप्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिल्यात धार पोहोचण्याआधीच लाकूड तंतूंच्या दिशेने चिरत पुढे जाते. दुसऱ्यात ढलपी सलग व गुळगुळीत निघते. तिसऱ्यात धार तंतूंना कापण्याऐवजी चिरडत नेते. पहिल्या प्रकारात उलट रेषेच्या ठिकाणी खड्डे पडतात, तर तिसऱ्यात पृष्ठभाग लवदार राहतो. बोथट धार लाकडाला तिसऱ्या प्रकाराकडे ढकलते, आणि धारेचा कोन फार तीव्र असेल तर उलट रेषेत पहिला प्रकार उद्भवतो.

महाराष्ट्रातील सुतारकामाच्या संदर्भात हा मुद्दा विशेष प्रस्तुत आहे. सागात सिलिकेचा अंश असल्याने तो पोलादी धार लवकर खातो. येथे कार्बाइडचा टिकाऊपणा उपयोगी पडतो. शिसवीचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात व एकाच फळीवर रेषेची दिशा पट्ट्यापट्ट्याने उलटते. अशा लाकडाला कमी कोनाची किंवा तिरकी शिरणारी धार मानवते. चौथ्या गटातील तिरक्या टिकल्यांचा खरा लाभ येथे दिसतो.

परंतु सरळ पात्यांपाशीही उपाय आहे. पात्याच्या पुढील अंगाला बारीकशी उलट उतरण घासली, की छेदाचा कोन कमी होतो व गुंतलेल्या तंतूंचे उचकटणे घटते. पाते पुन्हा पूर्ववत करता येते. टिकलीच्या कटरहेडमध्ये कोन बैठकीनेच ठरलेला असल्याने हे स्वातंत्र्य राहत नाही. शिवाय उत्तम रीतीने परजलेली पोलादी धार आरंभी कार्बाइडपेक्षा तीक्ष्ण असते. मऊ लाकडावर पहिल्या काही तासांत ती सरस ठरते. मुद्दा 'पहिल्या काही तासांत' या शब्दांत आहे. त्या तासांनंतर पोलादी धार उतरत जाते आणि कार्बाइडची धार बराच काळ जेथल्या तेथे राहते. तुलना कोणत्या घटकेला केली, यावर निकाल फिरतो. जी चर्चा ती घटका सांगत नाही, तिचा निकालही अपुराच मानावा लागतो.

आवाजाचा प्रश्न

सरळ पाते संपूर्ण लांबीने एकाच क्षणी टेबलाच्या कडेजवळून जाते व लाकडावर आदळते. तीन पात्यांचे कटरहेड मिनिटाला ५००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर असे सेकंदाला २५० आघात होतात आणि भोंग्यासारखा आवाज निर्माण होतो. टिकल्या एकामागून एक लाकडात शिरतात, त्यामुळे आघात विभागला जातो व आवाज जाणवण्याइतका उतरतो. हा दावा यांत्रिक दृष्ट्या सयुक्तिक आहे. टेबलाच्या कडांना खाचा पाडल्यानेही सरळ पात्यांचा रिकाम्या फिरण्याचा आवाज कमी होतो, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते.

आवाजाचा विचार सोयीच्या सदरात टाकणे योग्य नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९८ मध्ये आठ तासांसाठी ८५ डेसिबलची मर्यादा शिफारशीत मांडली व दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित काळ निम्मा धरला. या हिशोबाने ९४ डेसिबलला एक तास आणि ९७ डेसिबलला अवघा अर्धा तास उरतो. उलट दिशेने पाहिले तर ६ डेसिबलची घट सुरक्षित काळ चौपट करते. यंत्रासमोर रोज उभे राहणाऱ्याची श्रवणशक्ती हळूहळू, वेदनेविना व कायमची जाते. तिचा हिशोब कोणत्याही दरपत्रकात नसतो.

तथापि शांत कटरहेड म्हणजे सुरक्षित कटरहेड, हे समीकरणही घातक आहे. वीज बंद केल्यावर कटरहेड काही काळ फिरतच राहते. मोठ्या आवाजाचे यंत्र आपण फिरत असल्याचे कानाला सांगते. शांत यंत्र थांबले असे वाटून हात पुढे जाण्याची शक्यता असते. लहान टिकलीही बोटाला तितकीच निर्दय असते. म्हणून फटीवरील आवरण, ढकलपट्टी आणि कानावरील संरक्षक यांपैकी कशालाही कटरहेडचा कोणताच प्रकार पर्याय ठरत नाही. लाकडाच्या धुळीबाबतही हेच म्हणता येईल. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केला. टिकल्यांच्या आखूड ढलप्या शोषण-नळीत कमी अडकतात हे खरे, पण त्यासाठी आधी शोषण-यंत्रणा असावी लागते.

दिरंगाईचे अर्थशास्त्र

कटरहेडच्या खर्चाची तुलना सामान्यतः खरेदीच्या किमतीवर होते. त्यात सरळ पात्यांचे कटरहेड स्वस्त व टिकल्यांचे पुष्कळ महाग ठरते. थोडा अधिक विचार करणारे धार लावण्याचा व टिकल्या बदलण्याचा खर्चही धरतात. दोन्ही हिशोबांतून एक घटक सुटतो, तो दिरंगाईचा.

सरळ पाती बदलायची म्हणजे यंत्र थांबवायचे, पाचरी सैल करायच्या, धारेकरिता पाती पाठवायची, जादा संच असल्यास तो बसवायचा व प्रत्येक पाते दोन्ही टोकांना जुळवायचे. कुशल हातालाही या कामास बराच वेळ लागतो. काम जितके कंटाळवाणे, तितके ते पुढे ढकलले जाते. दरम्यान बोथट झालेल्या धारेवर फळी सरकेनाशी होते, कारागीर अधिक जोर लावतो, अंगाचा भार पुढे टाकतो. जॉइंटरवर फळी उसळण्याचा व हात निसटण्याचा धोका नेमका अशा वेळी वाढतो. म्हणजे धार लावण्यातील दिरंगाई ही केवळ पृष्ठभागाच्या दर्जाची बाब न राहता अपघाताची पूर्वपीठिका बनते. पाते बदलणे जितके सुलभ, तितकी ही पूर्वपीठिका आखूड. टर्सासारखी पद्धत या कसोटीवर अतिशय समाधानकारक उतरते, जरी तिच्यात तिरक्या छेदाचा किंवा विभागलेल्या आघाताचा लाभ नसतो.

टिकल्यांचे कटरहेड या बाबतीत दुधारी आहे. जुन्या लाकडात राहिलेल्या खिळ्याने एक टिकली तुटली, तर तेवढीच फिरवून काम पुढे नेता येते. सरळ पात्यात अशी खाच पडली, तर प्रत्येक फळीवर उंचवट्याची रेघ उमटते. एक पाते मिलिमीटरभर बाजूला सरकवून ती तात्पुरती टाळता येते, पण पात्याला धार लावणे अटळ असते. उलट सर्वच टिकल्या फिरवायची वेळ आली, की साठ स्क्रू सोडवणे, साठ बैठका स्वच्छ करणे आणि ठरावीक जोराने साठ स्क्रू आवळणे हे काम समोर येते. राळ व भुसा जमून स्क्रूची खाच बुजलेली असेल, तर ते अधिकच किचकट होते. कार्बाइडच्या टिकाऊपणामुळे ही वेळ क्वचित येते. पण क्वचित येणारे काम विसरले जाण्याचीही शक्यता अधिक. शिवाय अशा कटरहेडला मोटरीची शक्ती अधिक लागते, असा अनेक वापरकर्त्यांचा अनुभव आहे. लहान मोटरीच्या यंत्रावर ते बसवण्यापूर्वी छेदाची खोली कमी ठेवावी लागेल, हे गृहीत धरणे शहाणपणाचे होय.

कायद्याच्या कक्षेबाहेरची निवड

या चर्चेला एक सामाजिक परिमाण आहे. कारखाने अधिनियमाच्या मूळ व्याख्येनुसार विजेचा वापर होणारे ठिकाण दहा कामगारांपासून 'कारखाना' ठरत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये ही संख्या वीस आहे. दोन-चार माणसांचा सुतारी कारखाना पूर्वीही या व्याख्येत बसत नव्हता व आता तो तिच्यापासून अधिकच दूर गेला आहे. मोठ्या कारखान्यात कटरहेडच्या आकारावर, आवरणावर व आवाजावर निरीक्षकाची नजर असणे अपेक्षित असते. लहान कारखान्यात ही नजर मालकाचीच असते, आणि अनेकदा मालक व कारागीर एकच असतो. जेथे नियम पोहोचत नाही, तेथे यंत्र विकत घेतानाची निवड हीच सुरक्षेची पहिली आणि बहुधा शेवटची तजवीज ठरते. अशा खरेदीदारापर्यंत पोहोचणारे साहित्य जर केवळ आरशासारख्या पृष्ठभागाचे वर्णन करीत असेल, तर ते अपुरे आहे एवढेच म्हणून भागणार नाही. ज्याला माहितीची सर्वाधिक गरज आहे, त्यालाच ते वंचित ठेवते.

प्रशिक्षणसंस्थांतील कार्यशाळांनाही हाच विचार लागू पडतो. तेथे यंत्रासमोर रोज नवा, अननुभवी हात उभा राहतो. बोथट धार ओळखण्याइतका त्याचा कान व हात तयार झालेला नसतो. अशा ठिकाणी आवाज कमी ठेवणारे व धारेची उंची कारागिराच्या जुळवणीवर न सोडणारे कटरहेड यंत्रावर असावे, आणि सरळ पाती बसवण्याचे कौशल्य यंत्र बंद असताना, स्वतंत्र पाठ म्हणून शिकवावे, ही विभागणी उचित वाटते. कौशल्य टिकले पाहिजे, परंतु त्याची किंमत शिकाऊ विद्यार्थ्याच्या बोटांनी मोजली जाऊ नये.

समारोप

वरील विवेचनावरून कोणत्याही एका प्रकाराला सरसकट श्रेष्ठ ठरवता येत नाही. ज्या कारखान्यात धार लावणारा कुशल हात आहे, पात्यांचे दोन संच आहेत आणि पाते वेळेवर बदलण्याची शिस्त आहे, तेथे सरळ पात्यांचे कटरहेड आजही किफायतशीर असून कोन बदलण्याचे स्वातंत्र्य देते. जेथे काम मोठ्या प्रमाणावर मऊ व सरळ रेषेच्या लाकडाचे आहे, तेथे झटपट बदलता येणारी पाती पुरेशी आहेत. साग, शिसव यांसारखे लाकूड, दाट वस्तीतील कारखाना, अनेक हातांनी वापरले जाणारे यंत्र आणि पुरेशी मोटर अशी स्थिती असेल, तर तिरक्या टिकल्यांच्या कटरहेडची जादा किंमत समर्थनीय ठरते. मात्र त्याच्या बैठकांची अचूकता पारखून घेतली पाहिजे. गोल दंडगोल, पात्याचे मर्यादित बाहेर येणे व फटीवरील आवरण या बाबी निवडीचा विषयच नव्हेत. त्या निवडीपूर्वीच्या अटी आहेत.

निवड करणाऱ्याने विक्रेत्याला नव्या धारेचा नमुना मागण्याऐवजी काही साधे प्रश्न विचारावेत. ही धार उतरल्याचे यंत्र चालवणाऱ्याला कसे कळेल? ती बदलायला किती वेळ लागेल आणि तो वेळ घाईच्या दिवशी काढला जाईल का? बदल चुकीचा झाला तर नुकसान फळीचे होईल की माणसाचे? चौकोनी कटरहेडला या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, म्हणून ते गेले. त्याच्या जागी आलेल्या प्रत्येक कटरहेडलाही तोच प्रश्न विचारला गेला पाहिजे.